दहावीची मराठी कृतिपत्रिका: उतारा समोर असताना उत्तर कसं लिहायचं

मराठीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, उतारा समोर छापलेला असतो, कविताही असते. तिच्यातल्या प्रश्नांना ‘कृती’ म्हणतात. तरी गुण जातात. घरातल्या आणि शेजारपाजारच्या दहावीच्या मुलांबरोबर बसून त्यांच्या सराव कृतिपत्रिका तपासताना मला दिसलं ते असं, की उतारा कळला नाही म्हणून गुण गेले असं फार कमी वेळा होतं. कृतीत नेमकं काय मागितलंय ते नीट वाचलं नाही म्हणून ते जातात.

हा लेख नववीतून दहावीत जाणाऱ्यांसाठी आहे, दुसऱ्या बोर्डातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्यांसाठी आहे, आणि ज्या पालकांची दहावी ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’च्या काळात झाली त्यांच्यासाठीही आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाची प्रथम भाषा मराठी, म्हणजे कुमारभारती, मी डोळ्यांसमोर ठेवली आहे. भाषाभ्यास आणि उपयोजित लेखन यांत इथे शिरत नाही. तो वेगळा विषय आहे.

हाताशी काय हवं

- कुमारभारतीचं पाठ्यपुस्तक. बाजारात मिळत नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत उतरवून घेता येते. राज्याबाहेर राहणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो.
- आपल्या वर्षाचा कृतिपत्रिकेचा आराखडा. शाळेत शिक्षकांकडे असतो. मोठ्या भावाबहिणीचा जुना आराखडा वापरू नका; पाठ्यपुस्तक बदललं की तोही बदलतो.
- मंडळाच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या कृतिपत्रिका.
- रेघांचे फुलस्केप, एकाच रंगाची दोन पेनं आणि काट्यांचं घड्याळ. मोबाइलवर वेळ बघायला गेलं की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.
- अपठितासाठी, म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्याच्या सरावासाठी, रविवारच्या पुरवण्या, घरातले जुने दिवाळी अंक आणि ‘किशोर’. बालभारती हे मासिक १९७१पासून काढते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात.

गाईड मी मुद्दामच यादीत घेतलेलं नाही. घरात असेल तर असू द्या, पण आपलं उत्तर लिहून झाल्यावर पडताळणीसाठी उघडा. आधी उघडलं की स्वतःचं वाक्य सुचायचं बंद होतं.

१. गुण कुठे आहेत ते आधी बघा

लेखी कृतिपत्रिका ८० गुणांची, उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. या ८०पैकी गद्य १८, पद्य १६ आणि स्थूलवाचन (पाठ्यपुस्तकातले असे पाठ, जे कृतिपत्रिकेत छापलेले नसतात) ६. म्हणजे निम्मे, ४० गुण, वाचून उत्तर देण्याचे आहेत. भाषाभ्यासाला १६ आणि उपयोजित लेखनाला २४.

गद्याच्या १८मध्ये पाठ्यपुस्तकातले दोन उतारे प्रत्येकी ७ गुणांचे आणि एक अपठित उतारा ४ गुणांचा. पठित उताऱ्यावर २ गुणांच्या दोन आकलन कृती आणि ३ गुणांचं स्वमत. पद्यात एक कविता छापलेली असते, तिच्यावर ८ गुण. मग कवितेसंबंधी ठरलेल्या मुद्द्यांना ४ आणि रसग्रहणाला ४.

हे पाठ करायची गरज नाही, पण २ गुणांच्या चौकटींवर किती वेळ द्यायचा याचा अंदाज यातून येतो. आकृती सुबक काढण्यात दहा मिनिटं घालवणारी मुलं मी पाहिली आहेत. आकृती पेनने काढायची असते, हे पहिल्या पानावरच्या सूचनांतच असतं. पट्टी, पेन्सिल आणि खोडरबर यांचा खेळ तिथे मांडू नका.

२. कृती काय करायला सांगते आहे ते पकडा

कृतीतलं क्रियापद शोधा. उत्तर कुठे शोधायचं हे तेच सांगतं.

काही क्रियापदं उताऱ्याकडे पाठवतात: चौकटी पूर्ण करा, शोधून लिहा, जोड्या लावा, कोण ते लिहा. इथे उत्तर उताऱ्यात छापलेलंच आहे. तुमचं शहाणपण नको, उताऱ्यातला शब्द हवा.

काही क्रियापदं दोन ओळींच्या मध्ये पाठवतात: कारण लिहा, तुलना करा, परिणाम सांगा, स्वभाववैशिष्ट्यं लिहा. माहिती उताऱ्यातली, पण ती उचलून जोडायचं काम तुमचं. ‘तात्या मेहनती होते’ असं वाक्य उताऱ्यात नसतं. तात्या काय करतात ते असतं, त्यावरून ‘मेहनती’ हा शब्द तुम्ही काढायचा.

आणि काही क्रियापदं तुमच्याकडे पाठवतात: तुमचे मत लिहा, तुमचा अनुभव लिहा, तुम्हाला समजलेला अर्थ स्पष्ट करा. इथे उताऱ्यातलीच वाक्यं पुन्हा उतरवली तर हाती काही लागत नाही.

सरावाच्या पहिल्या आठवड्यात उत्तरं लिहूच नका. जुनी कृतिपत्रिका घ्या आणि प्रत्येक कृतीपुढे पेनाने ‘उतारा’, ‘मधलं’ किंवा ‘मी’ एवढंच लिहा. कंटाळवाणं वाटेल, पण या एका सवयीने जितका फरक पडलेला मी पाहिला तितका इतर कशाने नाही.

३. वाचायचा क्रम

आधी कृती वाचा, मग उतारा. उतारा पहिल्यांदा न थांबता पूर्ण वाचायचा, दुसऱ्यांदा कृती मनात ठेवून. अडलेल्या शब्दावर थांबू नका. पुढच्या दोन ओळींत त्याचा अर्थ बहुतेक वेळा उलगडतो.

पठित उतारा आला की मुलं तो वाचतच नाहीत, ‘हा तर येतो’ म्हणून. इथे सापळा आहे. कृतिपत्रिकेत धड्याचा एक तुकडाच छापलेला असतो आणि आकलन कृती त्या तुकड्यावर असतात. धड्याच्या दुसऱ्या पानावरची गोष्ट आठवणीतून चौकटीत भरली, तर ती खरी असूनही उत्तर चुकतं.

४. एक उतारा सोडवून बघू

सरावासाठी हा छोटा उतारा मीच लिहिला आहे.

“एसटी स्टँडच्या कोपऱ्यात तात्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली पाण्याचं घमेलं. गावात मोटारसायकली वाढल्या तशी गिऱ्हाइकं कमी झाली. पण तात्या सकाळी आठला ताडपत्री सोडायचेच. शाळेची मुलं पंक्चर काढायला आली की तात्या ट्यूब त्यांच्याच हातात द्यायचे. ‘पाण्यात धर. बुडबुडा कुठनं येतोय ते तूच सांग.’ मुलांना आधी वाटायचं, म्हातारा कामचुकार आहे. पुढे सुट्टीत तीच मुलं दुपारभर दुकानात रेंगाळू लागली. पावसाळ्यात तात्या आजारी पडले. आठवडाभर दुकान बंद राहणार असं सगळ्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ताडपत्री सुटलेली होती.”

कृती: तात्यांच्या दुकानातील वस्तू चौकटींत लिहा. उत्तर: बांबू, ताडपत्री, पाण्याचं घमेलं. ‘ट्यूब’ लिहाल तर चूक, कारण ती मुलांची आहे. ‘पाना, हातोडी’ लिहाल तर त्याहून मोठी चूक. सायकलच्या दुकानात ते असतं हे तुम्हाला माहीत आहे, पण उताऱ्याने सांगितलेलं नाही.

कृती: कारण लिहा, तात्यांची गिऱ्हाइकं कमी झाली, कारण... उत्तर: गावात मोटारसायकली वाढल्या होत्या. एका ओळीत काम झालं. आजच्या धावपळीच्या युगावर परिच्छेद लिहू नका.

कृती: ‘सकाळी आठ वाजता’ हे उत्तर येईल असा प्रश्न तयार करा. उत्तर: तात्या दुकानाची ताडपत्री किती वाजता सोडत असत? ‘दुकान कसं होतं?’ यासारखा सैल प्रश्न चालत नाही. तुमचा प्रश्न मित्राला विचारून बघा. त्याने तेच उत्तर दिलं तर प्रश्न बरोबर.

कृती: मुलांच्या मनात तात्यांविषयी झालेला बदल लिहा. आता ‘मधलं’ सुरू झालं. आधीची बाजू छापलेली आहे: म्हातारा कामचुकार आहे असं वाटायचं. नंतरची बाजू छापलेली नाही. ‘दुपारभर रेंगाळू लागली’ यावरून ती काढायची. ‘नंतर मुलांना तात्यांबद्दल आपुलकी वाटू लागली आणि त्यांच्याकडून शिकण्यात गोडी वाटू लागली.’

कृती: दुसऱ्या दिवशी दुकान कोणी उघडलं असावं? उताऱ्यातील आधार द्या. लेखकाने नाव घेतलेलं नाही. आधार मात्र दोन आहेत: मुलं दुकानात रमू लागली होती, आणि तात्यांची आठची वेळ जशीच्या तशी पाळली गेली. ‘मुलांनी उघडलं असावं’ एवढंच लिहून थांबलात तर अर्धंच काम झालं. ‘उताऱ्यातील आधार द्या’ हे शब्द सूचनेत नसले तरी द्यायची सवय लावा.

तात्या बोलतात त्यात ‘कुठनं येतोय’ आहे. उत्तरात ते तुमच्या शब्दांत सांगताना ‘कुठून येतो’ असं प्रमाण भाषेत लिहायचं. तात्यांचं वाक्य जसंच्या तसं घ्यायचं असेल तर अवतरणचिन्हांत, आणि तेव्हा मात्र त्यात दुरुस्ती करायची नाही. बोलीभाषेतल्या धड्यांवर हा घोळ दरवर्षी होतो.

५. स्वमत: तीन गुण, आठ-दहा ओळी

समजा, कृती आहे: ‘बुडबुडा कुठनं येतोय ते तूच सांग’ या तात्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीबाबत तुमचे मत लिहा.

सरावात असं उत्तर फार येतं: “स्वावलंबन ही काळाची गरज आहे. जीवनात यशस्वी होण्यासाठी प्रत्येकाने स्वावलंबी झाले पाहिजे. आपल्या थोर नेत्यांनी आपल्याला हाच संदेश दिला आहे.” यात एकही वाक्य चुकीचं नाही, आणि एकही वाक्य या उताऱ्याचं नाही. हेच उत्तर दुसऱ्या कुठल्याही धड्याखाली चिकटवता येईल. गाईडमधून पाठ केलेलं स्वमत असंच दिसतं, आणि दिवसाला ढीगभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकांना ते ओळखायला वेळ लागत नाही.

आता हे बघा:

“तात्यांची पद्धत मला पटते. त्यांनी स्वतः पंक्चर काढून दिलं असतं, तर मुलाला फक्त सायकल मिळाली असती. बुडबुडा स्वतः शोधल्यामुळे त्याला पंक्चर काढता येऊ लागलं. माझ्या आईने बँकेत पैसे भरायची स्लिप मला स्वतः भरायला लावली होती. दोन स्लिपा वाया गेल्या, पण आता मी आजोबांचीही स्लिप भरतो. मात्र शाळेची घंटा होत आली असेल, तर तात्यांनी आधी पंक्चर काढून द्यावं आणि शिकवणं सुट्टीच्या दिवसासाठी ठेवावं, असं मला वाटतं.”

यात मत आहे, उताऱ्यातला आधार आहे, स्वतःचा अनुभव आहे, आणि थोडी असहमतीही आहे. असहमती दाखवली तर गुण कापतात, ही समजूत मुलांत फार पक्की आहे. मत विचारलेलं असतं, होकार नाही; कारण द्या आणि सभ्य भाषेत द्या, एवढंच पथ्य. अनुभव खोटा रचलात तरी कोणी घरी येऊन विचारणार नाही, पण खऱ्यात तपशील आपोआप येतात, रचलेल्यात ‘एकदा मी एका गरीब माणसाला मदत केली’ यापुढे गाडी जात नाही.

६. कविता: सरळ अर्थ, काव्यसौंदर्य आणि रसग्रहण एक नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. एकाच कवितेवर वेगवेगळ्या कृती येतात आणि मुलं सगळ्यांना एकच उत्तर देतात.

सरळ अर्थ म्हणजे ओळ काय म्हणते ते सोप्या गद्यात. काव्यसौंदर्य म्हणजे ती गोष्ट कवीने कोणत्या प्रतिमेतून, कोणत्या कल्पनेतून सांगितली आणि त्यामुळे काय साधलं. रसग्रहणात आशय, काव्याचं सौंदर्य आणि भाषा अशा तिन्ही अंगांनी ओळींचा आस्वाद मांडायचा असतो.

सध्याच्या कुमारभारतीतला संत नामदेवांचा ‘अंकिला मी दास तुझा’ हा अभंग घेऊ. आगीत पडलेल्या बाळासाठी धावणारी कनवाळू आई, जमिनीवर पडलेल्या पिल्लांकडे झेपावणारी पक्षिणी, वणवा लागल्यावर पाडसाच्या काळजीने व्याकूळ झालेली हरणी, आणि शेवटी मेघाला विनवणारा चातक, अशी चित्रं त्यात आहेत.

आई आणि पक्षिणी यांच्या ओळींचा सरळ अर्थ: बाळ आगीत पडलं की प्रेमळ आई धाव घेते, पिल्लू जमिनीवर पडताच पक्षिणी झेप घेते, तसा देवा, तू माझ्यासाठी धावून ये, मी तुझा अंकित दास आहे. संपलं. इथे ‘किती सुंदर कल्पना’ वगैरे लिहू नका, मागितलेलं नाही.

काव्यसौंदर्य विचारलं तर बोट चित्रांवर ठेवा. आई, पक्षिणी, हरणी या सगळ्या माता आहेत आणि प्रत्येक चित्रात लेकरू संकटात आहे. देवाकडे काय मागायचं ते नामदेवांनी थेट न सांगता या मातांच्या धावपळीतून सांगितलं आहे. शेवटच्या चित्रात मात्र नजर फिरते. आतापर्यंत धावणारी आई दिसत होती, आता मागणारा चातक दिसतो. म्हणजे भक्त स्वतः समोर येतो. हे वर्गात कोणी सांगितलं नसेल तरी लिहा. ओळींत आधार असला की ते चालतं.

रसग्रहणाला तीन छोटे परिच्छेद पुरतात.

आशयसौंदर्यात कवी, कविता आणि मुख्य भाव: संत नामदेव या अभंगात देवाला आईच्या मायेने धावून येण्याची विनवणी करतात, भक्ताची असहायता आणि देवावरचा हक्क दोन्ही त्यातून दिसतात.

काव्यसौंदर्यात वर सांगितलेली चित्रं. सगळी कोंबू नका. दिलेल्या ओळींत जी आहेत तीच घ्या.

भाषिक वैशिष्ट्यांत अभंगाचे छोटे चरण, ‘बाळू–कनवाळू’सारखं यमक, ‘अंकिला मी दास तुझा’ हे आळवणीचे शब्द आणि जुन्या मराठीची रूपं. ‘भाषा साधी, सोपी व ओघवती आहे’ हे वाक्य एकटं लिहाल तर ते कुठल्याही कवितेला लागू पडतं. त्यापुढे ओळीतला एक शब्द उदाहरण म्हणून लिहा, लगेच ते या कवितेचं होतं.

दोन बारीक गोष्टी. ‘संत नामदेव म्हणतात’, ‘कवयित्री सुचवतात’ असं आदरार्थी लिहा. ‘नामदेव म्हणतो’ हे उत्तरपत्रिकेत खटकतं. आणि आधुनिक कवितेतला ‘मी’ म्हणजे दर वेळी कवी स्वतः नसतो. कविता झाडाच्या किंवा वस्तूच्या तोंडून बोलत असेल, तर ‘कवीला वाटतं’ लिहिण्याआधी जरा थांबा.

७. जिथे उतारा नसतो

कवितेसंबंधी मुद्द्यांच्या कृतीत अख्खी कविता छापलेली नसते आणि स्थूलवाचनात धडा छापलेला नसतो. हे आठवणीतलं काम आहे. कवितांसाठी एका पानावर तक्ता करा: कविता, कवी, विषय, ती आवडण्याचं तुमचं कारण. कवींची नावं पूर्ण आणि बरोबर लिहायची. स्थूलवाचनाच्या तीन कृतींपैकी दोनच सोडवायच्या असतात, प्रत्येकी ३ गुण. प्रत्येक पाठाचे पाच-सहा मुद्दे स्वतःच्या शब्दांत उतरवून ठेवलेत तरी पुरे.

८. अपठित: रोज एक, पण छोटा

अपठिताला अभ्यासक्रम नाही म्हणून मुलं त्याकडे फिरकतच नाहीत. वर्तमानपत्रातल्या बातमीवर सराव करू नका, तिथे मधलं काही नसतं. ललित लेख, आठवणी, व्यक्तिचित्र यांतला दीडशे शब्दांचा तुकडा घ्या. घरातल्या एकाने त्यावर दोन आकलन कृती तयार करायच्या, दुसऱ्याने सोडवायच्या, मग उलट. कृती तयार करायला लागलं की परीक्षक कुठे बोट ठेवतो ते मुलांना फार लवकर कळतं. मराठी न वाचणाऱ्या घरांत आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर हे काम द्या, ते खुशीने करतात.

९. वेळ आणि शेवटची मिनिटं

वेळ तीन तासांची. २०२३पासून कृतिपत्रिका दहा मिनिटं आधी हातात मिळत नाही, त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात. १९० मिनिटांची माझी वाटणी अशी: गद्य ४०, पद्य ३५, स्थूलवाचन १५, भाषाभ्यास २५, उपयोजित लेखन ५५. उरलेली २० तपासायला. स्वमत रंगात आलं की ही वाटणी कोलमडते, म्हणून प्रत्येक विभाग संपला की घड्याळ बघा.

तपासताना पूर्ण उत्तरं वाचत बसू नका. आधी कृतींचे क्रमांक आणि उपक्रमांक जुळवा, कारण (अ)चं उत्तर (आ)खाली गेलेलं दर वर्षी कुणाचं तरी असतं. मग उताऱ्यातून उतरवलेले शब्द छापील शब्दाशी ताडून बघा. समोर छापलेला शब्द ऱ्हस्व-दीर्घ चुकवून लिहिणं टाळण्यासारखं आहे. शेवटी प्रत्येक आकृतीत एकही चौकट रिकामी नाही ना, ते मोजा.